मी घरी बाळंत झाले, पण धाकटीला नको म्हणाले

परवा कराडहून धाकट्या मावसबहिणीचा फोन आला. तिला पाचवा लागलाय, पहिलटकरीण आहे. "ताई, मलापण तुझ्यासारखं घरीच बाळंत व्हायचंय. सासूबाईंना तू समजाव ना, तुझं ऐकतात त्या."

मी नको म्हणाले. तेव्हापासून बाईसाहेब फुगल्यात. आणि तिचं फुगणं अगदीच उगाच नाही, कारण गेली तीन वर्षं भेटेल त्याला आमच्या घरच्या बाळंतपणाचं कौतुक मीच ऐकवत आलेय. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. तीही वाचेलच.

माझा थोरला 2018 मध्ये पुण्यात झाला, नावाजलेल्या खाजगी हॉस्पिटलात. दोघंही सुखरूप. पण त्या रात्रीचं मला आठवतं ते छताचा पंखा, हाताला सलाईन, आणि थोड्या थोड्या वेळाने येऊन न विचारता तपासून जाणारे वेगवेगळे चेहरे. उताणी झोपून राहायचं, उठायचं नाही. आई बाहेर बाकावर. खालून कापलंय हे मला टाके घालताना कळलं. कुणी वाईट वागलं असं नाही म्हणणार. एका सिस्टरला चार बायका बघायच्या होत्या, ती तरी काय करणार?

मग आम्ही नेदरलँड्सला आलो, उट्रेख्तला. दुसऱ्या वेळी मी इथे विचारलं, गायनॅककडे नाव कधी घालायचं? तर उलट प्रश्न आला, "का? काही त्रास होतोय का?" इथे सगळं सुरळीत असेल तर पहिल्या तपासणीपासून बाळंतपणापर्यंत मिडवाइफच बघते. चार वर्षांचं शिक्षण घेतलेली, स्वतःच्या जबाबदारीवर काम करणारी बाई. डॉक्टर लागतो तो तिने पाठवलं तर. 1960 च्या दशकापर्यंत इथली निम्म्याहून जास्त बाळंतपणं घरीच व्हायची. आता शंभरात पंधराच्या आसपास होतात, पण मागितलं तर कुणी डोळे विस्फारत नाही. विमा कंपनीचं एक खोकं घरी येतं, त्यात पॅड, गादीवर घालायचे कागद, नाळेचा चिमटा. आणि पलंगाच्या पायांखाली ठोकळे घालून तो सत्तर-ऐंशी सेंटिमीटर उंच करायचा. मला वाटलं माझ्या सोयीसाठी. तसं नाही, तो येणाऱ्या बायांच्या कंबरेसाठी! (आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना त्या पलंगावर चढायला स्टूल लागायचं.)

छत्तिसाव्या आठवड्यात मिडवाइफ घरी आली. मला वाटलं, आता श्वास कसा घ्यायचा वगैरे शिकवेल. तिने आधी जिना पाहिला. इथले जिने म्हणजे शिडीच. झोपायची खोली वर. "मध्येच हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर तुला इथून खाली कसं उतरवायचं?" हा तिचा पहिला प्रश्न. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तिने घरी कधी थांबायचं नाही ते एकेक करून सांगितलं. पाणी हिरवट दिसलं तर. पाणी जाऊन चोवीस तास झाले आणि कळाच नाहीत तर. ठोके कमी झाले तर. मध्येच सगळं थांबलं तर. वार अडकली तर. रक्त हजार मिलिलीटरच्या वर गेलं तर. "मी 'चल' म्हटलं की निघायचं, तेव्हा चर्चा नाही." हॉस्पिटल अँब्युलन्सने बारा मिनिटांवर.

आई तोवर डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतकाढा घेऊन येऊन पोचली होती. मिडवाइफला बघून मला मराठीत म्हणाली, "ही पोर करणार होय बाळंतपण?"

पहाटे पावणेचारला कळा सुरू झाल्या, सात वाजून दहा मिनिटांनी मुलगी झाली. त्या साडेतीन तासांत ती पोर जवळपास काहीच करत नव्हती. जमिनीवर भिंतीला टेकून आईने केलेला चहा पीत बसली होती. दर पंधरा-वीस मिनिटांनी उठायची, ठोके ऐकायची, लिहून ठेवायची, परत खाली. मी फेऱ्या मारल्या, शॉवरखाली उभी राहिले, शेवटी पलंगाला धरून गुडघ्यावर. हात लावायच्या आधी ती दरवेळी विचारायची. पुण्यातल्यापेक्षा कळा काही कमी नव्हत्या हो, ते रील्समधलं "वेदनारहित" वगैरे विसरा. फक्त एकटं वाटलं नाही.

नंतर तिने वार ठेवायला भांडं मागितलं. घाईत आईने कणकेची परात दिली! मिडवाइफने दिव्याखाली ती वार उलटसुलट केली, पडदे बोटांनी पसरून कुठे तुकडा राहिलाय का ते बघितलं. मग भिजलेले पॅड वजनकाट्यावर ठेवले आणि म्हणाली, साडेतीनशे. इंजेक्शन, ऑक्सिजन, बाळाच्या तोंडावर धरायचा फुगा, सगळं उघडून मांडलेलं होतं, त्यातलं काही लागलं नाही. आई परातीकडे बघत राहिली. माझ्या आजीची जाऊ वार अडकून गेली होती. रात्रभर रक्त जात होतं आणि गाडी जुंपेपर्यंत उजाडलं, एवढं आईने लहानपणी ऐकलेलं. आजीची स्वतःची नऊ बाळंतपणं सुईणीच्या हातची, त्यातली सहा जगली. "आमच्या आज्या शेतात बाळंत होऊन पुन्हा कामाला लागायच्या" असं कौतुकाने फॉरवर्ड करणाऱ्यांनी आपल्या आजीला उरलेल्या तिघांचं काय झालं ते विचारलंय का कधी?

(परात आई परत घेऊन गेली नाही. कणीकही त्यात पुन्हा मळली नाही.)

पुढचे आठ दिवस रोज सकाळी क्रामझोर्गची, म्हणजे घरी येऊन बाळ-बाळंतिणीचं बघणारी बाई यायची. टाके बघणार, बाळाचं वजन, दूध येतंय का, मोरी धुणार, थोरल्याला शाळेत सोडणार. तिने गरम पाण्याची बाटली आणली, आईने शेगडी मागितली. दोघी तीन दिवस एकमेकींवर नाराज आणि चौथ्या दिवशी एकत्र लाडू खात बसलेल्या.

आता धाकटीचा मुद्दा. मी सगळ्यांच्या तोंडावर एक आकडा फेकायचे. 2009 चा डच अभ्यास, 5 लाख 29 हजारांहून जास्त कमी जोखमीची बाळंतपणं, घर की हॉस्पिटल याने बाळांच्या मृत्यूत फरक पडला नाही. आकडा खराच आहे. पण त्याच अभ्यासात लिहिलंय की शिकलेली मिडवाइफ आणि हॉस्पिटलात पोचवणारी चोख व्यवस्था असेल तर. ते 'तर' मी खाऊन टाकायचे. आणि 2011 चा इंग्लंडमधला अभ्यास मी कधी काढलाच नाही. त्यात दुसरं-तिसरं बाळंतपण असलेल्या बायकांना घरी जास्त धोका दिसला नाही, पण पहिलटकरणींच्या बाळांना गंभीर त्रास व्हायचं प्रमाण हॉस्पिटलात हजारी 5.3 आणि घरी 9.3 होतं. शंभरातल्या पंचेचाळीस जणींना मध्येच हलवावं लागलं. हे इंग्लंडात, जिथे मिडवाइफ सरकारी आणि अँब्युलन्स हाकेवर.

कराडला तिच्याकडे काय आहे? यूट्यूब, आणि "नॅचरल बर्थ कोच" म्हणवणारी कुणी बाई, जी कळांच्या वेळी व्हिडिओ कॉलवर असणार आहे. रक्त व्हिडिओ कॉलवर थांबत नाही. जुलै 2018 मध्ये तमिळनाडूत तिरुप्पूरला अशीच व्हिडिओ बघून घरी बाळंत झालेली एक शिक्षिका रक्तस्रावाने गेली. बाळ वाचलं. महाराष्ट्रात आज शंभरातली पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात आणि माता मृत्यूचं प्रमाण 2018-20 मध्ये लाखामागे 33 पर्यंत खाली आलं होतं, हे फुकट झालेलं नाही.

पण दवाखान्यांनी यावर खूश होऊन बसू नये. दर चौथं बाळंतपण सिझेरियन आहे महाराष्ट्रात. धाकटी पळतेय ती त्या पंख्यापासून, सलाईनपासून, बाहेरच्या बाकापासून, आणि त्यात तिचं काहीही चुकत नाही. कळांच्या वेळी सोबत बाई असू द्या हे केंद्र सरकारनेच 2016 मध्ये सरकारी दवाखान्यांना सांगितलं. सरसकट कापू नका, बाईला हिंडू-फिरू द्या, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये. नर्सेसना अठरा महिन्यांचं मिडवाइफचं शिक्षण द्यायचं धोरणही त्याच वर्षीचं. माझी मागणी एवढीच, की ती भिंतीला टेकून चहा पिणारी पोर कराडच्या लेबर रूममध्ये बसू दे.

धाकटीला मी चार प्रश्न लिहून पाठवले, डॉक्टरांना विचारायला. आत कोण थांबेल? हिंडता येईल का? खायला-प्यायला देणार का? कापायच्या आधी सांगाल का? तीन दिवस उत्तर नाही. काल रात्री एकच मेसेज आला: "विचारलं. सासूबाई आत चालतील का, यावर म्हणाले, बघू."

श्रावणातली तारीख आहे.