आधी एसएसडी, मग बाकीचं

जुन्या ब्रँडेड डेस्कटॉपला सगळ्यात आधी ग्राफिक्स कार्ड बसवा, हा लेखातला सल्ला काही पटला नाही बुवा. डेलचा ऑप्टिप्लेक्स ९०२० घ्या, सेकंडहँड बाजारात ऑफिसांतून निघालेले बरेच दिसतात. चौथ्या जनरेशनचा आय५, डीडीआर३ रॅम. वर्ड, एक्सेल, यूट्यूबला आजही पुरतो. त्याला रडवते ती जुनी हार्ड डिस्क. तिच्या जागी साधी साटा एसएसडी (साटा केबलने जोडायची, फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क) लावा आणि रॅम ८ जीबी करा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

ग्राफिक्स कार्डासाठी पॉवर सप्लाय (एसएमपीएस) बदलायचा म्हटलं, तर खरी मेख तिथेच आहे. बाजारातल्या एसएमपीएसचा मुख्य कनेक्टर २४ पिनांचा आणि या मदरबोर्डवरचं सॉकेट ८ पिनांचं! म्हणजे कन्व्हर्टर केबल शोधणं आलं. दुकानदार 'होऊन जाईल' म्हणतोच, तरी झाकण उघडून सॉकेटचा फोटो त्याला आधी दाखवा. छोटं कॅबिनेट असेल तर कार्डही लो-प्रोफाइल, म्हणजे कमी उंचीचंच लागतं, जीटी १०३० सारखं, स्लॉटमधूनच वीज घेणारं.

आणि विंडोजचं काय? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि ११ च्या अधिकृत यादीत हा प्रोसेसर नाही. लेखात यावर अवाक्षर नाही. आम्ही घरच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकलीय, प्रिंटरसकट चालतेय.