हिंबा बायकांवरचा तो मेसेज फॉरवर्ड करण्याआधी जरा हे वाचा

आफ्रिकेतल्या नामिबिया देशातल्या हिंबा जमातीच्या बायकांचे लालभडक फोटो आणि खाली "या बायका जन्मात आंघोळ करत नाहीत, त्यांना पाण्याला हात लावायची बंदी आहे, उन्हापासून वाचायला अंगाला चिखल फासतात, हजारो वर्षांत काही बदललं नाही, त्यांच्याच भाऊबंद हेरेरो मात्र अंगभर कपडे घालून सुधारल्या" हा मेसेज कधीपासून फिरतोय आणि दर वेळी खाली शी शी करणाऱ्या कमेंटची रांग लागते. मला मनापासून राग येतो याचा, म्हणून एकेक वाक्य घेऊनच बोलते.

आधी आंघोळ. हे लोक राहतात वायव्य नामिबियात, कुनेने भागात, आणि नदीपलीकडे अंगोलात. कोरडा रखरखीत मुलुख, पाणी लांबून आणायचं आणि ते आधी माणसांना प्यायला नि गुरांना. त्यामुळे रोज अंगावर पाणी ओतून घ्यायची पद्धत नाही, हे खरंय. पण बंदी वगैरे काही नाही, आणि अस्वच्छ तर मुळीच नाहीत. छोट्या भांड्यात निखारे घेतात, त्यावर सुवासिक झाडपाला टाकतात, धूर धरला की बाई त्यावर वाकून बसते, वरून पांघरूण ओढून घेते आणि चांगला घाम फुटेपर्यंत तशीच राहते. आपल्याकडे बाळंतिणीला धुरी देतात ना, तसंच, फक्त यांच्याकडे ते नेहमीचं. कपड्यांनाही हाच धूर देतात.

आता चिखल. तो चिखल नाहीये हो! त्याला ओत्जिझे म्हणतात. लाल गेरूचा दगड कुटून बारीक पूड करायची, ती दुधाच्या लोण्यात कालवायची, आणि त्यात ओमुझुम्बा नावाच्या झुडपाचा सुगंधी डिंक. हे अंगाला, केसांना, दागिन्यांना, कातड्याच्या घागऱ्यालासुद्धा लावतात. वेण्या तर अशा जाड लिंपतात की दोरखंडासारख्या दिसतात आणि टोकाला मोकळ्या केसांचा झुपका सोडलेला असतो.

आणि त्या वेण्या वाटेल तशा घातलेल्या नसतात. लहान मुलीच्या दोन वेण्या, पुढे कपाळावर येणाऱ्या. वयात आली की खूप साऱ्या वेण्या. लग्न झालं की डोक्यावर एरेम्बे, म्हणजे शेळी-मेंढीच्या मऊ कातड्याचा शिरोभूषणाचा तुकडा. लग्न झालेला पुरुष केस कापडाखाली झाकून ठेवतो. म्हणजे समोरचं माणूस कोण, कुठल्या वयाचं, लग्न झालंय की नाही, हे डोक्याकडे बघूनच तिथल्या माणसाला कळतं, आणि आपण त्याच फोटोखाली "मागासलेले" लिहून मोकळे.

उन्हाचं म्हणाल तर थोडं तथ्य आहे. २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत तपासलं तेव्हा हा गेरू अतिनील किरण अडवतो आणि उष्णता परत फेकतो असं दिसलं. पण कारण तेवढंच असतं तर दिवसभर उन्हात गुरांमागे फिरणाऱ्या पुरुषांनी आधी लावलं असतं की! ते लावत नाहीत. बायका लावतात, कारण ते त्यांच्या लेखी सौंदर्य आहे, नटणं आहे. बाईच्या नटण्यामागे काहीतरी "उपयोग" शोधलाच पाहिजे ही सवय मला कधी कळली नाही.

"हजारो वर्षांत बदल नाही" हे तर सरळसरळ चूक. बायकांच्या छातीवर रुळतो तो मोठा शंख आतल्या कोरड्या मुलखात मिळत नाही, तो समुद्रावरून व्यापारात आलेला, आणि आईकडून मुलीकडे जातो. आजकाल पांढऱ्या पीव्हीसी पाइपची कापून नक्षी काढलेली कडी दिसतात, वेण्यांना विकतचे केस जोडतात. १९८० च्या दशकात दुष्काळ आणि युद्धात बहुतेक गुरं मेली, गुरंच नाहीत तर लोणी कुठलं, आणि तरीही ओत्जिझे टिकलं. ओपुवो गावात शाळेत जाणारी मुलगी युनिफॉर्म घालते, तिची आई ओत्जिझे लावून सुपरमार्केटात सामान घेते, दोघी आजच्याच काळातल्या.

शेवटचं, हेरेरो "सुधारल्या" म्हणे. दोघींची भाषा एकच, ओत्जिहेरेरो, मूळही एक. तो घेरदार लांब गाऊन एकोणिसाव्या शतकात जर्मन मिशनऱ्यांच्या बायकांचं बघून आला, हे बरोबर. पण पुढे काय झालं ते मेसेजमध्ये नसतं. तेव्हा हा मुलुख जर्मनांच्या ताब्यात होता. २ ऑक्टोबर १९०४ ला जर्मन सेनापती फॉन ट्रोथाने हेरेरोंना संपवायचा हुकूम काढला, आणि १९०८ पर्यंत त्यांच्यातले बहुसंख्य लोक गोळ्यांनी, वाळवंटात तहानेने आणि छावण्यांमध्ये मेले. जे उरले त्यांच्यातल्या बायकांनी तोच गाऊन आपला करून टाकला, वर गायीच्या शिंगांसारखी आडवी टोपी घातली, कारण गुरं हाच त्यांचा मान. दर ऑगस्टमध्ये नामिबियातल्या ओकाहांजा गावी पूर्वजांच्या थडग्यांकडे मिरवणूक निघते तेव्हा बायका हाच पोशाख घालून चालतात. हा नरसंहार होता हे जर्मन सरकारने मान्य केलं २०२१ साली. त्या गाऊनला "युरोपियन बघून सुधारल्या" म्हणणं मला त्या माणसांचा अपमान वाटतो.