लावण करा, तारखा काढू नका

बेळगाव-खानापूरकडच्या आमच्या ख्रिस्ती लोकांत पुन्हा वाद पेटलाय. शेवटचा काळ आलाच आहे, मग यंदा आडसाली उसाची लावण कशाला? सोळा-अठरा महिन्यांचं पीक, तोवर प्रभू येईल. मुदत ठेव मोडा, सेवेला द्या. इथे इंग्लंडात, लेस्टरात हे वाचलं की डोकं उठतं.

मत्तय 24:36 सरळ आहे: ती घटका पित्याशिवाय कुणालाच ठाऊक नाही. तरी तारखा निघतातच. अमेरिकेतला प्रचारक विल्यम मिलर, त्याची 22 ऑक्टोबर 1844. तिथल्याच रेडिओवरच्या हॅरॉल्ड कॅम्पिंगची 21 मे 2011, ती हुकल्यावर 21 ऑक्टोबर. अलीकडची 23 सप्टेंबर 2025. सांगणारा नवी तारीख काढतो. ठेव मोडलेला मात्र लाजेनं उपासनेला यायचा थांबतो.

पौलाच्या काळी थेस्सलनीका शहरातल्या मंडळीतही प्रभूचा दिवस आलाच म्हणून गडबड उडाली होती, आणि काही जण काम सोडून बसले होते. पौलानं त्यांना स्पष्ट लिहिलं: काम करायचं नसेल तर खाऊही नये.

बाहेरून येणाऱ्या प्रचारकासाठी ‘दिदाखे’ या आरंभीच्या मंडळीच्या पुस्तिकेतली कसोटी अजून कामाची आहे. एक दिवस ठेवून घ्या, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर खोटा संदेष्टा. निघताना वाटेपुरती भाकरी द्या. पैसे मागितले तर खोटाच. आठवडाभर मांडव घालून सभा घेणारे यात कुठे बसतात, बघा की.

तेव्हा जुलै-ऑगस्टात लावण करा. याकोब 5:7 मधला धीर धरणारा माणूस शेतकरीच आहे, आणि धीर पेरल्यावरचा आहे. दशमांश आधी बाजूला काढा. ‘आता सोसायटीचं कर्ज कोण मागतो’ म्हणणाऱ्यानं रोमकर 13:8 वाचावं: कुणाचं देणं ठेवू नका. भावकीत भांडण असेल तर अर्पणाआधी समेट करा. येशूच्या दाखल्यातल्या दहा कुमारींपैकी पाच मूर्ख कुमारींना दिव्यांसाठी तेल उसनं मिळालं नाही. नवऱ्याची प्रार्थनाही बायकोच्या खात्यात जमा होत नाही.

इथे दान स्टँडिंग ऑर्डरनं जातं, वर गिफ्ट एडचे, म्हणजे दानावरच्या करातून सरकार देतं ते, पौंडामागे 25 पेन्स, आणि ट्रॉलीतले दोन डबे फूड बँकेला. तारखा कुणी काढत नाही. प्रभुभोजनाला ‘ख्रिस्त पुन्हा येईल’ म्हणतात, मग कॉफी. शहाणी माणसं. पण वाट कुणी पाहताना दिसत नाही. मीसुद्धा 67 व्या वर्षीच्या पेन्शनची पाहतो. वाट पाहायची सवय सीमाभागालाच, 1956 पासूनची. इथल्या मंडळीत मी बाक पुसतो, कॉफी वाढतो, सगळ्यांशी गोड बोलतो. भांडावंसं वाटतं ते तिकडच्यांशीच.