चवदार तळं नेमकं कुणी खुलं केलं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

अराज्यवादावरच्या, म्हणजे राज्याला हुकूम सोडण्याचा नैतिक हक्क नाही या विचारावरच्या, माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया दिलीत. तिला दोन ओळींत उत्तर देणं बरोबर वाटेना, म्हणून स्वतंत्रपणे लिहितो आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं की, राज्य नको म्हणणाऱ्यांनी सोमालियात जाऊन राहून दाखवावं. आपण रस्ते वापरतो, मत देतो, म्हणजे राज्याला आपली संमती असतेच. आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं : तुमच्या आजोबांना गावच्या पाणवठ्यावर घागर बुडवता येत नव्हती, सरकार आणि कायदा पाठीशी उभा राहिला म्हणून तुम्ही शिकलात, नोकरीला लागलात. "तुमचा अराज्यवाद म्हणजे आम्हाला पुन्हा गावाच्या तोंडी देणं," हे तुमचं वाक्य. शिवाय संविधान सभेतल्या बाबासाहेबांच्या २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणाचा दाखलाही तुम्ही दिलात. सत्याग्रह आणि असहकार म्हणजे अराजकाचं व्याकरण, असं ते त्यात म्हणाले होते.

सोमालियाचं आधी उरकतो. हुकूमशहा सियाद बरेचं सरकार जानेवारी १९९१ मध्ये पडलं आणि देशात यादवी माजली, हे खरं आहे. पण १९८८ मध्ये हर्गेसा शहर बेचिराख केलं ते कुठल्या टोळीने नव्हे, त्याच सरकारच्या हवाई दलाने. विमानं उडत होती तीसुद्धा त्याच शहराच्या विमानतळावरून. आणि पुढे राजधानी मोगादिशूत टोळीवाले लढले ते सत्ता स्वतःच्या हातात घेण्यासाठी. असं एखादं राज्य कोसळणं म्हणजे अराज्यवाद नव्हे.

संमतीचा मुद्दा जास्त गंभीर आहे. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने तर नुसतं राजरस्त्यावरून चालणं हीसुद्धा मूक संमती मानली. त्यावर स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने १७४८ मध्ये दिलेलं उत्तर मला आजही बिनतोड वाटतं : झोपेत जहाजावर चढवलेल्या माणसाला खाली समुद्राखेरीज जागाच नसेल, तर तो जहाजावर थांबला म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं कसं म्हणायचं? मताचंही तसंच. जिंकणाऱ्याला मत दिलं तर संमती, विरोधात दिलं तरी संमती, घरी बसलो तरी संमती. ज्या प्रश्नाला 'नाही' म्हणायची सोयच ठेवलेली नाही, त्याला मिळालेल्या 'हो'ला काय अर्थ आहे?

राहिले रस्ते. आपल्या गल्लीतलं गणपती मंडळ घ्या. मंडळ रक्तदान शिबिर भरवतं, गल्लीत दिवे लावतं, आजाऱ्याला रात्री दवाखान्यात नेतं. उद्या त्यांनी पावतीपुस्तक पुढे करून सांगितलं की आकडा आम्ही ठरवणार, आणि वर्गणी दिली नाही तर मंडपामागच्या खोलीत कोंडू, तर आपण त्याला खंडणीच म्हणू. दिव्यांचा उजेड आपल्या दारात पडतो, म्हणून कोंडण्याचा हक्क त्यांना मिळत नाही. मग राज्याला तो कुठून मिळतो, एवढंच मी विचारतो आहे. नियम नकोत, व्यवस्था नको, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. केवळ हुकूम सुटला म्हणून तो पाळणं माझं नैतिक कर्तव्य ठरतं, हे मला मान्य नाही. खून करू नये हे मी मानतो ते कायद्यात कलम आहे म्हणून नव्हे.

आता तुमच्या आजोबांबद्दल. या प्रश्नाला बगल देणारा अराज्यवाद माझ्या लेखी कुचकामी आहे. गाव म्हणजे संकुचितपणाचं डबकं, अज्ञानाची आणि जातीयतेची गुहा, अशा अर्थाचं बाबासाहेब ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलले. त्यातला एकही शब्द मला खोडायचा नाही. गावाला देव्हाऱ्यात बसवून राज्यावर टीका करणाऱ्यांपासून मी लांबच राहतो. गावकी, भावकी, जातपंचायत याही सत्ताच आहेत आणि त्यांनीही आपल्या अधिकाराचा जाब दिलाच पाहिजे.

पण त्या काळात राज्य कुणाच्या बाजूला होतं? महाडकडे जरा जवळून बघू. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा आमदार सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्याला धरून चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागद तयार होता, शिक्के होते. तरीही पुढची तीन वर्षं तळ्याला कुणी अस्पृश्य हात लावू शकला नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला अस्पृश्यांची परिषद भरली तेव्हा जमलेल्या हजारो माणसांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं, आणि ठरावाने खुलं झालेलं तळं त्याच गावात होतं! २० मार्चला माणसं रांगेने चालत तळ्यावर गेली, बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा कुठे तो ठराव कागदावरून खाली उतरला.

आणि मग राज्याने काय केलं? प्रतिनिधींना मारहाण झाली, तळं पंचगव्याने 'शुद्ध' केलं गेलं, ऑगस्टमध्ये नगरपालिकेने स्वतःचाच ठराव मागे घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाच्या तोंडावर सवर्ण कोर्टात गेले आणि कोर्टाने मनाई हुकूम दिला. परिषदेच्या मंडपाला जागा मिळाली ती फत्तेखान नावाच्या गृहस्थांची. ना सरकारची, ना गावातल्या कुठल्या हिंदूची. उच्च न्यायालयाचा निकाल बाजूने लागायला १९३७ उजाडलं. त्या निकालाचं मोल मी कमी लेखत नाही. पण आधी माणसं चालली, न्यायालय दहा वर्षांनी त्यांच्या मागून आलं.

महारकीचंही, म्हणजे महारांवर वंशपरंपरेने लादलेल्या गावकामाचंही, बघा. रात्री-अपरात्री, उन्हापावसात सरकारी कामासाठी हाक आली की घरातल्या कुणीतरी निघायचं, आणि मोबदला म्हणून वतनाचा तुकडा नि बलुतं. ही राबणूक नुसती गावची रीत नव्हती. इंग्रज सरकारच्या १८७४ च्या वतन कायद्याचा तिला आधार होता. बाबासाहेबांनी त्याविरुद्ध १९२८ पासून कायदेमंडळात झुंज दिली, आणि ती वतनं कायद्याने संपायला स्वातंत्र्यानंतर दहा-अकरा वर्षं जावी लागली. पाटील आणि मामलेदार एकाच दोरीचे दोन पदर होते. तुमच्या आजोबांच्या गळ्याभोवती दोन्ही होते.

'अराजकाच्या व्याकरणा'बद्दल. ते विधान सशर्त होतं. घटनात्मक मार्ग खुले नव्हते तेव्हा सत्याग्रहासारख्या मार्गांचं समर्थन करता येत होतं, घटनात्मक मार्ग खुले असताना नाही, असं बाबासाहेबांनी त्याच ठिकाणी सांगितलं. आता मार्ग खुला आहे की नाही, हे ठरवायचं कुणी? महाडला डिसेंबरमध्ये हजारो लोक मनाई हुकूम मोडून तुरुंगात जायला तयार होते. कलेक्टर स्वतः येऊन परिषदेत बोलून गेले. बाबासाहेबांनी सहकाऱ्यांशी चर्चा केली, नफा-तोटा तोलला आणि सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव परिषदेपुढे ठेवला. मी याकडे आज्ञापालन म्हणून बघत नाही. हुकूम समोर ठेवून, त्याची किंमत करून, स्वतःच्या बुद्धीने घेतलेला तो निर्णय होता. दोनच दिवस आधी, २५ डिसेंबरला, त्याच मंडपासमोर मनुस्मृती जाळली होती. अराज्यवादाच्या गाभ्याशी मला हेच दिसतं : शेवटचा निवाडा माणसाने आपल्याकडे ठेवावा. बाबासाहेब अराज्यवादी होते असं मला मुळीच म्हणायचं नाही. ते राज्य घडवणारे होते. पण महाडचं श्रेय राज्याच्या खात्यावर जमा करू नये, एवढी विनंती आहे.

मेंढा-लेखाचं उदाहरण मी मूळ लेखात दिलं होतं, त्यावर तुम्ही "एका गावाचं काय कौतुक" असं लिहिलंत. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने निर्णय घेतं. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक हक्क मिळाला. बांबू त्यांचा झाला, पण तो गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवान्याचं पुस्तक वनखात्याच्या हातात! ते पुस्तक ग्रामसभेला मिळावं म्हणून एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री गावात यावे लागले. तुमची एक शंका मात्र रास्त आहे. मेंढा जवळपास एकाच समाजाचं गाव आहे. जिथे वस्त्याच जातीवार आहेत, तिथे सर्वसहमती म्हणजे वरचढांची संमती ठरू शकते. तिथे तिचा उपयोग नाही, हे मी मान्य करतो.

म्हणून ॲट्रॉसिटी कायदा किंवा सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आधी मोडा, असं मी कधीच म्हणणार नाही. दुबळ्याच्या हातातली ढाल सगळ्यात शेवटी खाली ठेवायची असते. सुरुवात दुसऱ्या टोकाकडून करू या. तडीपारीपासून : न्यायाधीश नसलेला अधिकारी माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर घालवू शकतो, आणि आपल्याविरुद्ध साक्ष कुणी दिली हे त्या माणसाला अनेकदा कळतही नाही. एमपीडीए या धोकादायक कृत्यांना आळा घालण्यासाठीच्या राज्याच्या कायद्याखाली खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध ठेवता येतं. हे अधिकार उद्या काढून घेतले तर तुमच्या आजोबांच्या एकाही नातवाचं संरक्षण रतीभर कमी होत नाही. उलट असे हुकूम ज्यांच्या वस्त्यांवर निघतात, त्यांना मोकळा श्वास घेता येईल. इथपर्यंत माझ्याबरोबर यायला तुमची हरकत आहे का, ते जरूर लिहा.