पांढरा का काळा?

काल पहाटे गाडीने भर गल्लीत नाक कापलं, आणि ते कापलेलं नाक एका फुलं चोरणाऱ्या आजींनी उचलून माझ्या हातात दिलं. एवढ्यात गोष्ट संपते खरं तर. पण एवढं सांगून राग जात नाही ना.

बायकोचे साताऱ्याचे मामा चार दिवस राहून परत निघाले होते. बेळगावच्या टिळकवाडीतून स्टेशन ते किती लांब, बायको म्हणाली रिक्षा सांगून ठेवू, मी म्हटलं दारात गाडी असताना रिक्षा कशाला. सव्वापाचला मामा कुंद्याच्या मिठाईचे दोन डबे मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसले. मी किल्ली फिरवली, डॅशबोर्डवरचा तो स्प्रिंगसारखा पिवळा दिवा लागला, विझला, सेल्फ मारला. कुर्र कुर्र कुर्र. परत मारला. कुर्र कुर्र, एक ठसका, मागून धूर, आणि गप्प. मामा म्हणाले, "होईल, होईल." हे वाक्य माणूस फक्त आयसीयूच्या बाहेर आणि बंद गाडीत बोलतो.

गाडी 2008 ची, डिझेल. हिची 15 वर्षं भरली तेव्हा रजिस्ट्रेशन रिन्यू करायला गेलो, तर 2022 च्या एप्रिलपासून 600 ची फी 5,000 झालेली. माणसाला म्हातारपणी पेन्शन देतात, गाडीकडून वसूल करतात. असो. तर थंडी पडली की ही अशी करते, आणि त्यावर इलाज म्हणून 15 दिवसांपूर्वीच मी 5,800 रुपयांची नवी बॅटरी घातलेली. दुकानवाल्याने जुन्या बॅटरीला मीटरसुद्धा लावला नव्हता. नुसतं वाकून बघितलं आणि "गेली" म्हणाला, जसं काही घरच्यांना कळवायचं होतं. मी पण बावळट, पैसे देऊन आलो.

चार कुर्रकुर्रीत मॉर्निंग वॉकवाले जमले. बेळगावात कार्तिकात सव्वापाचला इतके लोक जागे असतात हे मला माहीत नव्हतं. एकजण म्हणाला बॅटरी. एकजण म्हणाला सेल्फ. माकडटोपीतले एक काका ठामपणे म्हणाले, "डिझेल गोठलंय." अहो 14-15 डिग्रीला डिझेल गोठायला लागलं तर पेट्रोल पंपावर ते खवा विकल्यासारखं किलोवर विकतील की! लडाखसाठी उणे 33 डिग्रीपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल 2019 मध्ये काढलं, ते लडाखसाठी, टिळकवाडीसाठी नाही. हे मी मनात म्हटलं. तोंडाने म्हटलं, "असेल असेल."

आणि मग कंपाउंडच्या भिंतीमागून आवाज आला.

"धूर कसला आला रे? पांढरा का काळा?"

या आजींबद्दल सांगायलाच पाहिजे. तीन गल्ल्या सोडून राहतात, रोज पहाटे हातात साडीच्या दुकानाची प्लॅस्टिकची पिशवी आणि टोकाला वाकवलेली तार लावलेली काठी घेऊन निघतात, आणि सगळ्यांच्या कंपाउंडमधली फुलं देवासाठी नेतात. विचारलं तर म्हणतात, "देवाला कशाला विचारायचं." माझी जास्वंद मी स्वतःच्या घरात उमललेली गेल्या दोन वर्षांत बघितलेली नाही. आत्ता पण त्या तारेने एक फांदी वाकवून धरूनच बोलत होत्या.

"काय ओ आजी?"

"धूर, धूर. सेल्फ मारूलास तेव्हा मागनं काय आलं? पांढरा आला तर डिझेल आत जातंय, पेटत नाही. काहीच आलं नाही तर डिझेलच पोचत नाही. कुठला आला ते सांग आधी."

सगळे गप्प. इतक्या जणांत हा प्रश्न एकानेही विचारला नव्हता. मी पण स्वतःला विचारला नव्हता. "पांढरा," मी म्हटलं, शाळेत फळ्यापाशी उभा केल्यासारखा.

"मग हीटर गेलाय. बॅटरी कशाला बदललास?"

बॅटरी बदलल्याचं यांना कोणी सांगितलं हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या यजमानांचा ट्रक होता म्हणे, बेळगाव ते गोवा, चोर्ला घाटातून, आणि थंडीच्या दिवसात पहाटे ट्रक सुरू करायचं काम घरचं सगळं आवरून यांच्याकडे असायचं, ते ड्रायव्हर सीटवर आणि या पुढे. "मी चिंधीचा बोळा डिझेलमध्ये भिजवून काठीला बांधायची, पेटवून हवा घ्यायच्या तोंडापाशी धरायची, एका सेल्फमध्ये सुरू. काकडा कर की रे एक. कार्तिक चाललाय, देवाला काकडा, तुझ्या गाडीला पण काकडा."

मामांनी मागच्या सीटवरून दार उघडलं आणि कुंद्याच्या डब्यांसकट खाली उतरले. मामा तसे शूर आहेत, पण आग म्हटल्यावर माणूस आधी कुंदा वाचवतो.

"आजी, बोनेटच्या आतमध्ये प्लॅस्टिक आहे ओ, पेटेल सगळं."

"पेटलं तर गरम होईल ना," आजी म्हणाल्या, आणि तारेने जास्वंद ओढली.

शेवटी ढकलायचं ठरलं. दूधवाला पोरगा मागे लागला आणि "नूक्री! सर, नूक्री!" म्हणून ओरडायला लागला, कन्नडमध्ये ढकला म्हणतोय बिचारा, तर मामा मागे वळून त्याला समजुतीने म्हणाले, "नोकरी कसली बाळा, मीच रिटायर झालोय." 68 वर्षांचे मामा, स्वेटर घालून, पाहुणे म्हणून आलेले, माझी गाडी ढकलतायत. तेवढ्यात एक रिक्षा आली. मामा बसले, डबे बसले, रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली, आणि पुढच्याच उताराला सेकंड गिअरमध्ये क्लच सोडला तर गाडी फुरफुर करत सुरू! बायको एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दुपारी 350 रुपयांचा मल्टिमीटर आणला. बॅटरी स्वस्थ असताना 12.6 व्होल्ट, सेल्फ मारताना 10 च्या वर, म्हणजे 5,800 पाण्यात. डिझेल इंजिनला पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो, हवा दाबून दाबून इतकी तापवायची की डिझेल पडलं की आपोआप पेटलं पाहिजे, आणि जुन्या इंजिनांत थंड लोखंडच ती ऊब गिळून टाकतं, म्हणून प्रत्येक सिलिंडरला एक हीटर प्लग. चार प्लगांना जोडणारी पट्टी काढली आणि एकेकाला मीटर लावला. चांगला असेल तर एखाद्या ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला असेल तर काहीच नाही. दोन जिवंत, दोन मेलेले. आणि प्लग तापतायत म्हणून सांगणारा तो पिवळा दिवा? तो टायमरवर चालतो, प्लग जिवंत आहे का मेलाय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही, रोज सकाळी तेवढ्याच निष्ठेने लागतो आणि विझतो. मी वर्षभर त्या दिव्यावर विश्वास ठेवून बसलो होतो.

मला राग कशाचा येतो सांगू? हा तपास 20 मिनिटांचा आहे. गेल्या हिवाळ्यापासून तिघांनी गाडी बघितली, एकाने फिल्टर बदलला, एकाने डिझेलच्या नळीतली एअर काढली, एकाने बॅटरी खपवली, मीटर कोणीच लावला नाही, कारण मीटर लावला तर कळतं आणि कळलं तर विकायला काही उरत नाही. आजींनी तेच एका प्रश्नात केलं, फुकटात. म्हणजे फुकट नाही, दोन वर्षांची जास्वंद धरली तर हिशोब बरोबर होतो.

एक प्लग निघाला, बदलला. दुसरा गंजून असा अडकलाय की मेकॅनिक म्हणाला, ताकद लावली आणि तुटला तर इंजिनचं हेड खोलायला लागेल, राहू दे. ठेवला तसाच.

आज पहाटे कुठं जायचं नव्हतं, तरी उठून किल्ली फिरवली. दिवा विझायची वाट बघितली, सेल्फ मारला, दुसऱ्या फटक्याला सुरू! थोडी थरथरली, मागून पांढरट धूर आला, मग सुरळीत. मी खिडकीतून हात बाहेर काढून बसलो, कोणी बघतंय का बघत.

भिंतीमागून काठीचं टोक वर आलं.

"एक अजून मेलाय बघ," आजी म्हणाल्या, आणि कळी घेऊन गेल्या.