‘डच खेड्यात घर घ्या, खिशातून शून्य’ : त्या फॉरवर्डला उत्तर

नेदरलँड्समधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय. आता तर पुण्या-नाशिकहून आईवडीलच तो मुलांना पाठवू लागलेत. म्हणणं थोडक्यात असं : आइंडहोवनला भाडं भरत बसण्यापेक्षा जवळच्या खेड्यात घर घ्या. तिथे निम्म्या किमतीत मिळतं. बँक शंभर टक्के कर्ज देते. टोकन दिलं की घर आपलं. स्वतःचं घर झालं की रेसिडेन्सीचा प्रश्नही सुटतो. तेही परवडत नसेल तर जुनं फार्महाऊस किंवा हॉलिडे पार्कमधलं घर बघा, लाख-सव्वा लाख युरोत काम होतं. आणि शेवटी शांतता, शुद्ध हवा, चांगल्या फुकट शाळा वगैरे.

यातलं काहीच खरं नाही असं नाही. पण प्रत्येक वाक्याची दुसरी बाजू गाळलेली आहे आणि पैसे नेमके तिथेच जातात. उदाहरणासाठी एर्सल घेतो. चिप बनवायची यंत्रं करणाऱ्या एएसएमएल कंपनीमुळे आपली बरीच माणसं आइंडहोवनला लागूनच्या फेल्डहोवनमध्ये नोकरीला आहेत आणि एर्सल तिथून दहा-बारा किलोमीटरवर. एर्सल, डॉयझल, स्टेन्सल, क्नेख्सल, फेसम आणि विंटलरे अशा सहा छोट्या गावांची मिळून ही एक नगरपालिका. भाग केम्पनचा, म्हणजे ब्राबंट प्रांताच्या दक्षिणेकडची वाळूची जमीन, शेतं, गोठे, पाइनची जंगलं.

‘निम्म्या किमतीत.’ कुठे? 2024 मध्ये देशभरात जुन्या घराची सरासरी विक्री किंमत साडेचार लाख युरोच्या आसपास होती. फेल्डहोवनच्या इतक्या जवळच्या गावात निम्मी किंमत कोण लावणार? फेल्डहोवनचा पगार घेणारा माणूस बोली लावायला येणार, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. शिवाय खेड्यात स्वस्त घर नसतं याचं एक साधं कारण म्हणजे तिथे छोटं घरच फारसं नसतं. फ्लॅट मोजके. बाकी स्वतंत्र घरं किंवा जोडघरं, मागे मोठी बाग. चौरस मीटरमागे दर थोडा कमी पडला तरी चेकवरचा आकडा मोठाच होतो. नव्याने बांधलेली छोटी घरं गावातल्या तरुणांना आधी मिळावीत अशी नगरपालिकांची धडपड असते आणि 2024 पासून स्थानिकांना प्राधान्य देण्याची कायद्यातली मुभाही वाढली आहे.

फॉरवर्डसोबतच्या फोटोंसारखी खरोखर स्वस्त घरं बहुधा पूर्व ग्रोनिंगनकडे सापडतात. आइंडहोवनहून ट्रेनने तीन तासांहून जास्त. त्या प्रांतात 1959 मध्ये स्लोख्टरनला नैसर्गिक वायू सापडला आणि पुढे तो उपसता उपसता जमीन हलू लागली. 16 ऑगस्ट 2012 ला हौझिंगे गावाजवळ 3.6 तीव्रतेचा धक्का बसला. 1 ऑक्टोबर 2023 ला उपसा थांबला, पण धक्के त्या दिवशी थांबले नाहीत. भिंतींना तडे गेलेली, मजबुतीकरणाच्या यादीत असलेली घरं अजून आहेत. तिथे घर घेऊ नका असं मी म्हणत नाही. गावं सुंदर आहेत. पण घेताना त्या घराच्या नुकसानीची आणि मजबुतीकरणाची फाइल मागून घ्या, आणि रोज फेल्डहोवनला जायचा विचार सोडा.

याच ग्रुपांवर दुसऱ्या टोकाची मंडळीही आहेत : ‘डच घरं लाकडी खांबांवर उभी असतात, खांब कुजतात, घर खचतं.’ हे खाउडा, झानडाम अशा दलदलीच्या पट्ट्यातलं दुखणं. केम्पनच्या वाळूवर ती भीती जवळपास गैरलागू आहे. इथली दुखणी वेगळी, ती पुढे येतील.

‘शंभर टक्के कर्ज, खिशातून शून्य.’ सगळ्यात जास्त फसवणारं वाक्य हे, कारण पहिला अर्धा भाग खरा आहे. घराच्या बाजारमूल्याच्या शंभर टक्क्यांपर्यंत कर्ज मिळू शकतं (पगार तेवढा असेल तर). पण बाजारमूल्य म्हणजे मूल्यांकनकाराने लिहिलेला आकडा. आपण बोलीत कबूल केलेला आकडा त्याहून मोठा असू शकतो.

हिशोबच मांडू. मागणी किंमत 4,50,000. रविवारी घर बघायला रांग. तुम्ही 4,75,000 ची बोली लावली आणि घर मिळालं. मूल्यांकन आलं 4,50,000. बँक 4,50,000 देणार, वरचे 25,000 तुमचे. आता हस्तांतरण कर, स्वतः राहणार असाल तर 2 टक्के, म्हणजे 9,500. मग नोटरी, मूल्यांकन, कर्जाचा सल्लागार, घराची तांत्रिक तपासणी, तुमच्या बाजूने माकेलार म्हणजे एजंट घेतला असेल तर त्याची फी : सात-आठ हजार सहज. जाहिरातीत किमतीपुढे ‘के. के.’ लिहिलेलं असतं ते याचसाठी, हा सगळा खर्च घेणाऱ्याचा. बेरीज बेचाळीस हजारांच्या आसपास, रुपयांत चाळीस लाखांच्या वर. ‘शून्य’ ते हे.

सवलत आहे, तीही सांगायला हवी. पस्तिशीच्या आतल्या माणसाला स्वतः राहायच्या घरावर हस्तांतरण कर एकदाच माफ होतो. 2025 मध्ये त्यासाठी किमतीची मर्यादा 5,25,000 होती. ती ओलांडली की माफी अर्धीमुर्धी होत नाही, सरसकट जाते. नवरा छत्तीसचा, बायको तेहतिशीची आणि घर निम्मं-निम्मं असेल तर त्याच्या वाट्यावर कर, तिच्या वाट्यावर माफी. पस्तिसावा वाढदिवस जवळ आला असेल तर नोटरीकडची तारीख कॅलेंडर बघूनच ठरवा.

‘वरचे पैसे बाबा पाठवतील’ हेही ऐकलंय. भारतात राहणाऱ्या माणसाला रिझर्व्ह बँकेच्या योजनेत वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, घरासाठीही. पण एका आर्थिक वर्षात दहा लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर 20 टक्के टीसीएस (आगाऊ प्राप्तिकर) तिथेच कापला जातो. विवरणपत्र भरल्यावर तो वळता होतो, पण तोवर बाबांचे पैसे अडकतात. आणि इकडे बँक व नोटरी दोघंही विचारतात, हे पैसे आले कुठून? बाबांनी प्लॉट विकला असेल तर त्याचे कागद तयार ठेवा.

‘टोकन दिलं की घर आपलं.’ टोकन हा प्रकारच इथे नाही, आणि ‘ब्लॅक किती, व्हाइट किती’ हेही नाही. पैसे सगळे नोटरीच्या खात्यातून जातात. तोंडी ‘हो’ झालं तरी घर तुमचं होत नाही, लेखी करार लागतो. करार हातात पडल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात, कारण न देता माघार घेता येते. त्यानंतर साधारणपणे किमतीच्या दहा टक्के रक्कम किंवा तेवढी बँक गॅरंटी नोटरीकडे ठेवावी लागते. मग अंगाशी आलं तर तेवढाच दंड. म्हणून ‘कर्ज मिळालं नाही तर करार रद्द’ हे कलम करारात असायलाच हवं. बोली जिंकायच्या नादात लोक नेमकं तेच गाळतात. असं करू नका, दुसरं घर मिळेल.

शेवटच्या दिवशी नोटरी खरेदीखत वाचून समजावतो. डच येत नसेल तर दुभाषा लागतो आणि त्याचा खर्च पुन्हा तुमचाच. ऑफिसमधल्या सहकाऱ्याला सोबत नेऊन भागेल असं समजू नका, दुभाषा कोण चालेल ते नोटरी ठरवतो.

‘घर झालं की रेसिडेन्सी.’ नाही. परदेशी माणसाला इथे घर घ्यायला बंदी नाही, एवढंच खरं. घर घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही, वाढत नाही. श्रीमंत गुंतवणूकदारांसाठी एक परवाना 2013 पासून होता. त्यासाठी साडेबारा लाख युरो डच उद्योगात घालावे लागत, घरात घातलेले धरत नसत. तोही 2024 मध्ये बंद झाला. घरावर व्हिसा देणारे देश म्हणजे पूर्वीचे स्पेन, पोर्तुगाल. त्यांनीही ती दारं लावून घेतलीत. नोकरी गेली आणि परवाना संपला तर घर तुमच्या नावावर असतं, हप्ता चालू असतो आणि तुम्हाला देश सोडावा लागतो. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने निदान या एका वाक्यासाठी तरी माफी मागावी.

‘जुनं फार्महाऊस घ्या.’ केम्पनमध्ये लांब छपराची, विटांची जुनी शेतघरं खरोखर देखणी असतात. पण नगरपालिकेच्या आराखड्यात त्या घराचा वापर काय लिहिलाय ते आधी बघा. ‘शेतीव्यवसायाचं निवासस्थान’ असं असेल तर तिथे त्या शेतीशी संबंध नसलेल्या माणसाने राहणं नियमबाह्य ठरतं. आपल्याकडे एन. ए. न झालेल्या जमिनीवरच्या बंगल्यासारखा प्रकार, फरक इतकाच की इथे नगरपालिका दंडाची नोटीस खरंच पाठवते. 2013 पासून यावर एक वाट आहे : अशा घराला ‘ग्रामीण निवास’ असा दर्जा देता येतो आणि मग बाहेरचा माणूस राहू शकतो. पण त्या बदल्यात शेजारच्या मूळ शेताच्या वासापासून आणि आवाजापासून इतर घरांना असतं तेवढं कायद्याचं संरक्षण त्या घराला मिळत नाही. शेजारी डुकरांचा गोठा असेल तर याचा अर्थ नाकाला लगेच कळतो. जुन्या शेडच्या छपरात अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट, कारण इथे त्यावर बंदी आली ती 1993 मध्ये. गावाबाहेरच्या घराला गटार जोडलेलं असेलच असंही नाही, कधी कधी सांडपाण्याची टाकी स्वतःची आणि देखभालही स्वतःची.

आता केम्पनचं खास दुखणं. बूडल-डोर्पलाइनला 1892 मध्ये जस्ताचा कारखाना सुरू झाला. सीमेपलीकडे बेल्जियममध्येही होते. भट्टीतून निघणारी राख कडक आणि फुकट, म्हणून दशकानुदशकं ती या भागातल्या रस्त्यांवर, शेतवाटांवर, घरांच्या अंगणात पसरली गेली. तिच्यात जस्त, शिसं, कॅडमियम. बऱ्याच ठिकाणची ती सरकारी कार्यक्रमातून काढली गेली, पण एखाद्या जुन्या घराच्या ड्राइव्ह-वेखाली ती अजून असू शकते. अंगणात मेथी, पालक, कोथिंबीर लावायचा बेत असेल तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण आम्ल वाळूतलं कॅडमियम पालेभाज्या चांगल्या शोषतात. विकणारा एक लांबलचक प्रश्नावली भरून देतो. ती भाषांतर करून शेवटपर्यंत वाचा आणि नगरपालिकेकडे त्या पत्त्याची जमिनीची माहिती मागा. माहीत असलेला दोष सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य आहे, पण शोधणं हे घेणाऱ्याचंही आहे. नंतर ‘कुणी सांगितलं नाही’ म्हणून भागत नाही.

‘हॉलिडे पार्कमधलं घर.’ किंमत कमी आहे हे खरं. पण सुटीच्या घरात कायम राहायला बहुतेक ठिकाणी परवानगी नसते. नेहमीच्या अटींवर गृहकर्ज मिळणं कठीण, जमीन पुष्कळदा भाडेपट्ट्याची आणि पार्कचा मेंटेनन्स दरमहा. सुटीचं दुसरं घर म्हणून घेतलं तर हस्तांतरण कर 2 टक्के नाही, 2025 मध्ये 10.4 टक्के होता आणि 2026 पासून 8. यावर हमखास उत्तर येतं : ‘अरे, पण आमच्या ओळखीच्यांची त्या पत्त्यावर नोंदणी झालीय.’ झाली असेल. माणूस जिथे प्रत्यक्ष राहतो तिथे त्याची नोंद करणं नगरपालिकेला भागच असतं. ती नोंद म्हणजे राहायची परवानगी नाही. एका खिडकीवर नाव लिहून घेतात आणि दुसऱ्या खिडकीवरून घर सोडायची नोटीस निघू शकते, दोन्ही कायदेशीर.

‘शांतता, शुद्ध हवा.’ विंटलरे हे टुमदार गाव आइंडहोवन विमानतळाच्या अगदी पश्चिमेला आहे, आणि विमानतळ लष्कराचाही आहे. एर्सलला लागून ए-67 हा हायवे जातो. वाऱ्याची दिशा बदलली की गाव बदलल्यासारखं वाटतं. घर दोनदा बघा : एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला आणि एकदा वसंतात शेतात खत टाकतात तेव्हा. सहापैकी एकाही गावात रेल्वे स्टेशन नाही. बस मोठ्या गावांना बरी, आणि ब्राबंटच्या छोट्या गावांत पुष्कळदा स्वयंसेवकांनी चालवलेली आठ आसनी बस असते, ती रात्री नसते. दोघंही नोकरी करत असाल तर दुसरी गाडी हप्त्यातच धरा.

प्राथमिक शाळा चांगल्या आणि फुकट आहेत, यात फॉरवर्ड बरोबर आहे. एर्सलमध्ये माध्यमिक शाळाही आहे. पण त्या डच शाळा आहेत. भारतातून नुकत्याच आलेल्या आठ वर्षांच्या मुलाला आधी भाषेच्या वर्गात जावं लागतं आणि तो वर्ग गावातच असेल याची खात्री नाही. फॅमिली डॉक्टर नवे पेशंट घेतोय का, हे तर घर बघायच्या आधीच फोन करून विचारा.