गच्चीवरची उडती टॅक्सी

भांडुपच्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास दोन वर्षं रखडलाय. परवा बाबांनी मला म्युनिकला नव्या बिल्डरच्या पत्रकाचा फोटो पाठवला. बाविसाव्या मजल्यावर गच्ची, गच्चीवर आखलेला गोल आणि त्यात उडती टॅक्सी. खाली प्रश्न : "तू बॅटऱ्यांचंच काम करतोस ना? हे खरं का?" ग्रुपवर म्हणे दोन तट पडलेत. एकाचं म्हणणं, नरिमन पॉइंट दहा मिनिटांवर येईल. दुसऱ्याचं, आधी पाण्याचं बघा.

बाबा, फोनवर नीट सांगता आलं नाही.

मे महिन्यात भाच्याने गच्चीवर ड्रोन उडवला होता, आठवतं? पाव किलोसुद्धा वजन नव्हतं त्याचं. तरी खालच्या वाऱ्याने आईच्या कुरडया साडीवरून उडाल्या. पंधरा-वीस मिनिटांत बॅटरी संपली. काढून हातात घेतली तर चांगलीच गरम होती. हवेत एका जागी तरंगायचं तर स्वतःच्या वजनाइतका जोर सतत हवेवर लावावा लागतो. पाती मोठी असली तर हे काम कमी शक्तीत होतं, म्हणून हेलिकॉप्टरचा पंखा एवढा लांब. पंखे लहान केले की लागणारी शक्ती भराभर वाढते. आता पाव किलोच्या जागी दोन-तीन टनांचं यंत्र गच्चीवर उतरतंय असं समजा.

आणि ती शक्ती साठवायची कशात? किलोभर विमानाच्या इंधनात साधारण १२,००० वॉट-तास ऊर्जा असते, आजच्या चांगल्या बॅटरी सेलमध्ये २५० ते ३००. विजेची मोटर इंजिनापेक्षा खूपच कमी ऊर्जा वाया घालवते, तरीही तफावत दहापटीहून जास्त उरते. इंधन जळतं तसं विमान हलकं होतं, बॅटरी मात्र रिकामी झाली तरी तेवढीच जड. उतरताना, म्हणजे सगळ्यात जास्त शक्ती लागते तेव्हाच, ती जवळजवळ संपलेली असते. शिवाय पावसामुळे दुसरीकडे उतरावं लागलं तर, म्हणून थोडा चार्ज राखून ठेवायचा. जुलैतली मुंबई डोळ्यांपुढे आणा.

यंत्रं उडतात, हे मी नाकारत नाही. माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावर लिलियम या उडत्या टॅक्सी बनवू पाहणाऱ्या कंपनीचा कारखाना होता. हुशार माणसं होती तिथली, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये प्रवासी नेण्याचं ठरवलेल्या व्होलोकॉप्टर या दुसऱ्या जर्मन कंपनीला वेळेत प्रमाणपत्र मिळालं नाही. डिसेंबरमध्ये तिनेही अर्ज केला. दिल्लीत कॅनॉट प्लेस ते गुरुग्राम सात मिनिटांत, ही घोषणा नोव्हेंबर २०२३ ची. त्यात पुढे मुंबईचंही नाव होतं.

पण समजा सगळं जमलं. पायलट सोडून चार प्रवासी. दर मिनिटाला एक टॅक्सी उडाली तरी तासाला २४०. सकाळच्या बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार हजारांच्या वर माणसं असतात आणि पुढची लोकल तीन-चार मिनिटांत येते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ लोकलच्या दारातून माणसं पडून गेली, ती बातमी मी इथे ट्रामच्या थांब्यावर वाचली. दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. दारात लटकणारा तो माणूस उडत्या टॅक्सीत कधीच बसणार नव्हता.

इथे सगळं आलबेल आहे असं नाही. म्युनिकच्या लोकलसाठी दुसऱ्या बोगद्याचं काम २०१७ साली सुरू झालं, आता २०३५ च्या आधी गाडी धावणार नाही. लोक वैतागतात, पण भांडतात ते बोगद्यासाठी. प्रत्यारोपणासाठी हृदय पोहोचवायला किंवा पुरात अडकलेल्याला काढायला असं यंत्र मिळालं तर मला आनंदच होईल.

रविवारच्या सभेत बिल्डरला एवढंच विचारा : गच्चीचा स्लॅब किती टनांसाठी आहे, आणि त्या गोलाचा खर्च आपल्या कॉर्पस फंडातून जाणार का? उत्तर लेखी घ्या. आणि नव्या इमारतीला दोन लिफ्ट कमी आहेत, तेही बोला. आईला आत्ताच तीन मजले चढताना मध्ये थांबावं लागतं.